'पासमलर'ची गाणी मराठीत उतरवताना

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गावातल्या छोट्या चित्रपट मंडळात तुम्हाला भीमसिंग यांचा १९६१चा तमिळ 'पासमलर' दाखवायचा आहे. तमिळ येत नाही, म्हणून इंग्रजी सबटायटलवरून मराठी करताय. संवाद होत आलेत, पण गाण्यांपाशी गाडी अडली, कारण इंग्रजी फायलीत बहुतेक गाण्यांच्या जागा कोऱ्या आहेत आणि अंगाईच्या जेमतेम चार ओळी आहेत. त्या जागा तशाच कोऱ्या ठेवाव्यात की यमक जुळवून मराठी गाणी करावीत, असं तुम्ही विचारलंत. आणि जाता जाता विचारलंत, की आपल्या लोकांना हा सिनेमा फार रडका वाटेल का.

मी गेली अठरा वर्षं तमिळमधून मराठीत सबटायटलं करते. त्याआधी नवऱ्याच्या नोकरीमुळे अकरा वर्षं चेन्नईत, वेस्ट माम्बलमला राहिले. तमिळ शिकले ती शेजारच्या मामींकडून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. 'पासमलर'ही पहिल्यांदा त्यांच्याच घरी पाहिला, टीव्हीवर. एक शब्द कळत नव्हता तेव्हा. मामी मात्र पदराने डोळे पुसत होत्या आणि मध्येच उठून कुकर बंद करून येत होत्या. गाणं लागलं की उठत नव्हत्या.

तुमचं उत्तर तिथेच आहे. या सिनेमात रडणं संवादांत आहे, पण गोष्ट गाण्यांत आहे. गाणी कोरी ठेवलीत तर प्रेक्षकाच्या वाट्याला नुसतं रडणं येईल, आणि मग हो, रडका वाटेल. तुम्हाला शेवटचा प्रश्न पडला तो त्या कोऱ्या जागांमुळेच, असा माझा अंदाज आहे.

यमकाचं नंतर सांगते. आधी, काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते. प्रेक्षक साठीच्या पुढचे असतील तर ओळी थोड्या जास्त वेळ ठेवाव्या लागतात. पडदा म्हणजे भिंतीवरची चादर असेल तर अक्षर मोठं आणि ओळी लहान. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एखादा तमिळ माणूस हाताशी आहे का? नसेल तर शोधा. महाराष्ट्रात हे अवघड नाही, माटुंग्यापासून देहूरोडपर्यंत कुठेही सापडेल. साधारण साठीच्या पुढचं कोणीतरी बघा. त्यांना भाषांतर करायला सांगू नका. गाणं लावा आणि विचारा, "हे कोण कोणाला म्हणतंय? नात्याने ते एकमेकांचे कोण?" एवढं कळलं की अर्धं काम झालं. नुसत्या इंग्रजीवरून ही गाणी करू नका, हे मात्र कळकळीने सांगते. इंग्रजीत मामा, काका, आतोबा सगळ्यांना एकच शब्द, आणि हा सिनेमा उभाच मामा या नात्यावर आहे.

आता नावापासून सुरू करू, कारण पहिला खड्डा तिथेच आहे. 'मलर' म्हणजे फूल. 'पासम्' हा आपलाच 'पाश', संस्कृतातून तिकडे गेलेला. पण मराठीत पाश म्हटलं की फास आठवतो, फार तर 'मायेचे पाश' आणि त्यातून सुटायची खटपट. तमिळमध्ये पासम् म्हणजे निखळ माया, रक्ताची ओढ. मी 'मायेचं फूल' असं लिहीन. 'पाशपुष्प' वगैरे सुचलं असेल तर खोडून टाका.

गोष्ट तुम्हाला माहीत आहेच, तरी गाण्यांच्या जागा कळाव्यात म्हणून दोन ओळी. आईबापांविना वाढलेली भावंडं, राजशेखर (शिवाजी गणेशन) आणि राधा (सावित्री). कारखान्यातलं काम सुटतं तेव्हा बहिणीने खेळणी करून साठवलेल्या पैशावर भाऊ धंदा उभा करतो आणि श्रीमंत होतो. राधाचं प्रेम आनंदवर (जेमिनी गणेशन). तो नेमका भावाच्याच कारखान्यात कामाला आणि संपात कामगारांच्या बाजूने उभा. तरी बहिणीसाठी भाऊ लग्न लावून देतो. मग आनंदच्या नात्यातली एक बाई घरात येते, कान भरते, घर फुटतं. दोघांना मुलं होतात, राजशेखरला मुलगा आणि राधाला मुलगी. भावंडं मात्र दुरावलेली.

संगीत विश्वनाथन–राममूर्ती या जोडीचं, शब्द कण्णदासन यांचे, संवाद आरूरदास यांचे. हा सिनेमा हिंदीत 'राखी' (१९६२) म्हणून आला, दिग्दर्शक तेच भीमसिंग. अशोककुमार आणि वहिदा रहमान भाऊबहीण होते, आणि अशोककुमारना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. कोणीतरी तुम्हाला सुचवेल की 'राखी' बघा आणि त्यावरून मराठी करा. करू नका. का, ते अंगाईच्या वेळी कळेल.

छोटी गाणी आधी उरकते.

सुरुवातीच्या हलाखीच्या दिवसांतलं 'एंगळुक्कुम् कालम् वरुम्' सोपं आहे. आमचेही दिवस येतील, दिवस आले की सुख येईल, सुख आलं की सगळ्यांना सुखात ठेवू, अशी साखळी आहे. एका तुकड्याचा शेवटचा शब्द पुढच्या तुकड्याच्या तोंडी येतो. ही रीत तमिळ कवितेत फार जुनी, तिला अन्तादि म्हणतात. यमक नाही जमलं तरी चालेल, पण ही साखळी तुटू देऊ नका. 'दिवस येतील' म्हटलंत तर पुढे 'वेळ आली की' असं लिहू नका, तोच शब्द पुन्हा घ्या. आपण भेंड्या खेळलेली माणसं, कानाला लगेच कळतं.

'यार् यार् यार् अवळ् यारो' हे पी. बी. श्रीनिवास आणि सुशीला यांचं प्रेमाचं गाणं. कोण ही, गाव कोणतं, नाव काय. छोटे प्रश्न आहेत, छोटेच ठेवा. 'मयंगुगिराळ् ओरु मादु' सुशीलाबाईंचं. तिथे राधा स्वतःबद्दलच तिसऱ्या माणसासारखी बोलते, की एक बाई भुलली आहे, तिच्या मनाचा आणि कृतीचा एकमेकांशी संबंधच उरलेला नाही. 'मी भुलले' असं करायचा मोह होईल. करू नका. ती लाजते आहे म्हणून 'मी' म्हणत नाही.

लग्नातलं 'वारायेन् तोळि' एल. आर. ईश्वरी यांनी गायलं आणि त्या गाण्याने त्यांचं नाव झालं. तमिळ लग्नांत अजून वाजतं. मैत्रिणी नवरीला मांडवात बोलावतात आणि बोलावता बोलावता चिडवतात. 'तोळि' म्हणजे मैत्रीण, पण शब्द तमिळच्या प्राचीन संगम काव्यातला, नायिकेची गुपितं राखणारी ती. 'सखी' बसतो. मी एकदा 'सखे' ऐवजी 'अगं' केलं होतं आणि जास्त बरं झालं होतं, कारण गाणाऱ्या बायका मला करवल्यांसारख्याच वाटल्या. हे तुमच्या कानावर सोडते.

आता अंगाई. 'मलर्न्दुम् मलराद'. गायक टी. एम. सौंदरराजन आणि पी. सुशीला.

तमिळमध्ये अंगाईला तालाट्टु म्हणतात. 'ताल्' म्हणजे जीभ, 'आट्टु' म्हणजे हलवणं. जीभ हलवत 'आरारो आरिरारो' करायचं, त्यावरून. आणि तालाट्टुत मामा असतोच. शेजारच्या मामी त्यांच्या नातवाला म्हणायच्या त्यातलं मला आठवतं. बाळा, तुला कोणी मारलं, मामाने का मारलं, मारलं असेल तर मोगऱ्याच्या गजऱ्याने मारलं असेल. तिकडे मामा हा मुलाच्या आयुष्यातला मोठा मानकरी. कान टोचताना मूल मामाच्या मांडीवर बसतं. आपल्याकडे नवरीला बोहल्यावर आणायला मामा लागतो, "मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावे" हे आपण प्रत्येक कार्यात ऐकतो. तेव्हा हे नातं मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण एक गाठ आहे, आणि ती आपल्याकडे उलटी बसलेली आहे.

गाण्यात दोघं एकमेकांसमोर नाहीत. गाणं एक, पण भाऊ आपल्या मुलाला म्हणतो आहे आणि बहीण आपल्या मुलीला. भाऊ मुलाला सांगतो, की तू हत्तींची सेना घेऊन पृथ्वीवर राज्य करायला जन्मलास, आणि 'अत्तै महळ्', म्हणजे आत्याची मुलगी, करून घेऊन संसार करायला जन्मलास. बहीण मुलीला सांगते, की मामा तुझ्यासाठी जगाचं मोल करायला निघेल, सोन्याचं घड्याळ आणि हिऱ्यांचा हार देऊन तुला मागणी घालील.

म्हणजे काय झालं? दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. पण दोघंही, एकमेकांना न ऐकता, पाळण्यातल्या पोरांचं एकमेकांशी लग्न ठरवून मोकळी झाली आहेत. तमिळ घरात मामा सासरा होऊ शकतो. 'मामन्'मध्ये ते दोन्ही अर्थ आहेत, आणि 'अत्तै' म्हणजे आत्याही आणि सासूही. हे लग्न झालं तर तुटलेली भावंडं व्याही होऊन पुन्हा एका मांडवात येतील. भांडणाबद्दल अजून एक शब्दही निघालेला नसतो, आणि समेटाची वाट मात्र सांगून झालेली असते. तमिळ प्रेक्षक तिथे का कोसळतो ते हे. सौंदरराजन यांचा आवाज त्याला कारण आहेच, पण नुसता आवाज नाही.

'राखी'वरून करू नका म्हटलं ते यासाठी. उत्तरेतल्या बहुतेक हिंदू घरांत आते-मामे भावंडांचं लग्न म्हणजे सख्ख्या भावंडांचं लग्न. तिथे या दोन ओळी टाकताच येत नाहीत. हिंदीने भावाबहिणीची गाठ मनगटावरच्या धाग्यात बांधली. मूळ गोष्टीत ती पाळण्याला बांधलेली आहे.

आपण मधोमध. आपल्याकडे बऱ्याच समाजांत मामाची मुलगी चालते, तिच्यावरून लहान पोरांना चिडवतातही. आत्याची मुलगी मात्र सहसा करत नाहीत. जिथे मुलगी दिली त्या घरातून उलट मुलगी आणायची नाही, असा रिवाज. इरावती कर्व्यांनी नात्यांच्या रचनेवर लिहिताना महाराष्ट्राची ही एकमार्गी चाल नोंदवून ठेवली आहे. तमिळनाडूत दोन्ही वाटा खुल्या.

याचा फटका मला बसलेला आहे. एका उपनगरातल्या मंडळात एका वेगळ्या तमिळ सिनेमाला मी सरळ लिहिलं होतं, 'आत्याच्या मुलीशी लग्न कर'. प्रसंग गंभीर होता. मागच्या रांगेतून कोणीतरी "अरे देवा!" म्हणालं आणि सभागृह हसलं. पुढची दहा मिनिटं हातची गेली. घरी येताना लोकलमध्ये मी ठरवलं, की पुढच्या वेळी 'मामाची मुलगी' करून टाकायचं. आपल्या कानाला ते गोड लागतं, कोणी हसणार नाही.

पण 'पासमलर'मध्ये तसं करून बघा. भाऊ मुलाला 'मामाची मुलगी' म्हणाला, तर ती त्याच्या बायकोच्या भावाची मुलगी झाली! राधाचा संबंधच संपला. एक शब्द सोयीचा केला आणि अख्खं गाणं विस्कटलं.

तेव्हा मी काय केलं ते सांगते. नातं तसंच ठेवलं, क्रियापद बदललं. 'लग्न कर' असा सल्ला म्हटलं की माणूस हसतो, 'घरी आणशील' म्हटलं की अंगाईत मुरून जातं. माझ्या ओळी अशा होत्या:

हत्तींची फौज घेऊन / राज्य करायला जन्मलास रे

आत्याची लेक घरी आणून / सुखाने नांदायला जन्मलास रे

तमिळ ओळींच्या शेवटी 'अडा' येतो, मुलग्याला जवळिकीने हाक मारायचा. आपला 'रे' त्याच्या जागी अगदी चपखल. आणि सिनेमा सुरू होण्याआधी दोन वाक्यं बोलून घ्या, की तिकडे आत्याची मुलगी करतात, त्यामुळे मामा सासरा होतो. पडद्यावर कंसात टिपा देऊ नका. कंस वाचेपर्यंत गाणं पुढे गेलेलं असतं.

बहिणीच्या ओळींत दुसरी गंमत. ती 'पेसुवार्' म्हणते, आदरार्थी. शब्दशः करायचं तर 'मामा मागणी घालतील'. आपल्याकडे मुलीला मामाबद्दल असं कोण सांगतं? 'मामा येईल, मामा देईल' असंच. 'येतील' म्हटलं की मामा परका होतो, बदलीवर आलेला साहेब वाटतो. मी एकेरी केलं. तमिळ येणाऱ्या एका बाईंनी नंतर मला टोकलं, की आदर गेला. गेला खरा. पण मायेच्या मोबदल्यात गेला, आणि मी पुन्हा तेच करीन.

आता त्या पहिल्या ओळी, ज्यांच्यावर तुम्ही यमकाचा प्रयोग केलात. 'अर्धे उमलले फूल जणू तू, पहाटेची चाहूल जणू तू', असं तुम्ही लिहिलंत. वाईट नाही. पण हे भेटकार्ड झालं. मुळात काय आहे बघा. उमललेलंही आहे आणि उमललेलं नाहीही, उजाडलंही आहे आणि उजाडलं नाहीही. 'मलर्न्दुम् मलराद', 'विडिन्दुम् विडियाद'. तोच शब्द होकारात आणि लगेच नकारात. मूल झोप आणि जाग यांच्यामध्ये आहे, डोळे अर्धे मिटलेले आहेत, आणि भाषाही तिथेच डुलते आहे. पाळणा एकदा इकडे, एकदा तिकडे. तुमच्या 'जणू तू – जणू तू'मध्ये यमक आहे, पाळणा नाही. मी असं केलं:

उमललं, तरी न उमललेलं / अर्धं फूल तुझे डोळे

उजाडलं, तरी न उजाडलेली / सकाळ तू

यमक एकही नाही. प्रेक्षक चाल कानाने ऐकतोच आहे, त्याला पुन्हा डोळ्यांनी चाल द्यावी लागत नाही. यमकाचं माझं मत एवढंच. सापडलं तर घ्या, शोधायला जाऊ नका. चाल हवीच वाटली तर जात्यावरची ओवी डोक्यात ठेवा. भाऊ, बहीण, माहेर यांचं बोलणं आपल्याकडे ओवीत झालेलं आहे, तिथले शब्द ओले आहेत. फक्त 'भाऊराया' आणि 'मैना' प्रत्येक ओळीत पेरू नका. मी पहिल्या खर्ड्यात पेरले होते. वाचून दाखवल्यावर नवरा म्हणाला, "हे मदुरैचं आहे का मुळशीचं?"

मदुरैवरून आठवलं. पुढे एक ओळ आहे, की पोदिगै डोंगरात जन्मून मदुरै नगरी पाहून बहरलेली तू तमिळची सभा. बाळाला थेट भाषेची उपमा! पोदिगै हा अगस्त्यांचा डोंगर मानतात, आणि मदुरैला जुन्या कवींचा संगम भरायचा अशी परंपरा. आपल्याकडे हे कळणार नाही म्हणून पोदिगैच्या जागी सह्याद्री किंवा मदुरैच्या जागी पैठण आणू नका. नावं तशीच ठेवा. प्रेक्षकाला एवढं कळलं की पुरे, की हा माणूस लेकराकडे बघताना आपल्या भाषेची वंशावळ सांगतो आहे. आणि एक आपलं असंच. हे गाणं ज्यांनी घडवलं त्यांत विश्वनाथन पालक्काडचे मल्याळी, सुशीलाबाई विजयनगरमच्या तेलुगू, पडद्यावरची सावित्रीही तेलुगू, आणि सौंदरराजन मदुरैच्या सौराष्ट्र समाजातले. त्या समाजाच्या घरच्या बोलीत गुजरातीबरोबर मराठीशी जुळणारे शब्दही सापडतात. तमिळची ही आरती इतक्या घरांतून आली आहे.

शेवटच्या कडव्यात बहीण मुलीला गोष्ट सांगू का म्हणते. पंखाखाली घेऊन मला लेकीसारखं वाढवलं त्याची गोष्ट सांगू? स्वप्नातही न आलेल्या काळाने मध्ये येऊन आम्हाला वेगळं केलं त्याची सांगू? इथे 'भाऊ' हा शब्द कुठेच नाही, आणि तुम्हीही घालू नका. ती त्याचं नाव घेत नाही.

तंत्राचं थोडक्यात. गाण्यात ओळ व्याकरणाने तोडू नका, गायक श्वास घेतो तिथे तोडा. दोन ओळींपेक्षा जास्त कधीही नाही, एका ओळीत पस्तीसच्या आत अक्षरं. पण तुमचं सॉफ्टवेअर मोजतं त्यावर विश्वास ठेवू नका. ते काना-मात्रा वेगळ्या धरतं. 'तुझ्यासाठी' हा डोळ्याला चार अक्षरांचा शब्द, यंत्र दहा मोजतं, आणि मग चांगली ओळ लाल दाखवतं. ध्रुवपद पहिल्यांदा पूर्ण द्या, दुसऱ्यांदाही द्या. तिसऱ्यांदा अर्थ बदलला नसेल तर पडदा मोकळा सोडा. गाण्यासाठी तिरपी अक्षरं वापरतात, पण देवनागरी तिरपी केली की जोडाक्षरं कोसळतात. त्यापेक्षा ओळीच्या सुरुवातीला सुराची छोटी खूण द्या. आणि कृष्णधवल सिनेमा आहे, शिवाजी गणेशनचं धोतर पांढरं, तुमची अक्षरं पांढरी. काळी कड जाड ठेवा, नाहीतर निम्मी अंगाई धोतरात जाईल. फाईल युनिकोडमध्येच साठवा आणि ज्या यंत्रावर दाखवणार त्याच्यावरच आधी एकदा चालवून बघा.

तुम्ही 'अण्णा'चं 'दादा' केलंय. अर्थाने बरोबर आहे, आपल्याकडे अण्णा म्हटलं की धोतरातले वडीलधारे डोळ्यांसमोर येतात. पण पडद्यावरची सावित्री शंभरदा 'अण्णा' म्हणते, ते प्रेक्षकाला स्वच्छ ऐकू येतं, आणि खाली 'दादा' दिसत राहिलं की कान आणि डोळे भांडतात. पहिल्या दहा मिनिटांत लोकांना अण्णाची सवय होते. 'अण्णा'च ठेवा.

'अम्मा'चं मात्र उलट. तमिळ माणूस लहान मुलीला, धाकट्या बहिणीलाही, लाडाने 'अम्मा' म्हणतो, कधी शब्दाच्या शेवटी नुसता 'म्मा' चिकटवतो. मराठी कान तिथे आई ऐकतो. ते तसं ठेवू नका. 'बाळा' करा, किंवा 'गं'.

याची खरी गरज अगदी शेवटी लागते, आणि ते तुमच्या फायलीत गाणं म्हणूनही नोंदलेलं नसेल, कारण त्याला वाद्यं नाहीत. डोळे गेलेला भाऊ आणि बहीण शेवटच्या घटका मोजत आहेत, आणि तो तिला लहानपणीचं बडबडगीत म्हणून दाखवतो. 'कै वीसम्मा कै वीसु'. हात हलव, दुकानात जाऊ, खाऊ आणू, हात हलव. तमिळ घरांत लहानग्याचे दोन्ही हात धरून झुलवत म्हणायचं हे गाणं, सगळ्यांना येतं. इंग्रजीवरून केलंत तर 'तुझा हात हलव, प्रिय' असलं काहीतरी होईल. त्याच्याऐवजी आपलं एखादं ओळखीचं बडबडगीतही टाकू नका, कारण शिवाजी गणेशन खरंच तिचे हात धरून आहे आणि शब्द हातांचेच हवेत. मी एवढंच लिहिलं:

हात हलव गं, हात हलव

बाजारात जाऊ, हात हलव

पुढे तो तेच तेच म्हणत राहतो, आवाज फाटत जातो. मी पहिल्या दोनदा ओळ दिली आणि नंतर काही दिलं नाही. एव्हाना शब्द सगळ्यांना पाठ झालेले असतात. त्या वेळी सभागृहात कडेला उभं राहून बघा, पुढच्या रांगेतल्या एखाद्या आजी ओठ हलवताना दिसतील, तमिळमध्ये.